तीन महिने सांभाळून

बा, तुला मी आयुष्यात कधी पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं आणि मी कधी इतका लांब राहिलो नाही. गोंडपिपरीजवळच्या आपल्या गावातच मास्तर झालो, तुझ्याच घरात राहिलो. आता मी तुझ्या शेवटच्या वयाहून मोठा झालो आहे. गेले काही दिवस मला त्या उन्हाळ्याच्या तोंडाचे आठ दिवस सारखे आठवतात.

धाकटीच्या बाळंतपणात तुझ्या सुनेचं रक्त थांबेना, तेव्हा तूच बैलगाडी जुंपलीस. गोंडपिपरीहून तिला चंद्रपूरला नेलं. दोन बाटल्या रक्त चढल्यावर ती वाचली. मोठ्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "पुढचं बाळंतपण हिला झेपणार नाही. आणि आत्ता हिचं ऑपरेशनही करता येणार नाही, अंगात रक्तच नाही. तुम्ही करून घ्या. पुरुषाचं सोपं असतं." गावी येऊन मी तुला सांगितलं, तेव्हा तू तळ्याकाठी जाळं सांधत बसला होतास. हातातली सुई थांबली. "शिकून सवरून बैलावानी ठेचून घेऊन राह्यला का?" एवढंच बोललास. मला तुझा राग आला नाही. आणीबाणी सरून आठ-नऊ वर्षं झाली होती, पण दवाखान्याची जीप दिसली की आपल्याकडचे पुरुष नसबंदीच्या धाकानं जंगलात पळायचे, ते दिवस तू विसरला नव्हतास. मीही विसरलो नव्हतो. गोंडपिपरीला नसबंदीचं शिबिर लागलं. कोणाला दिसू नये म्हणून मी पहाटेच्या पहिल्या एसटीनं गेलो.

आणि बा, काही झालं नाही रे. एक सुई टोचली, तेवढी दुखली. मग जागा बधिर झाली. पंधरा-वीस मिनिटं डॉक्टर खाली काहीतरी ओढल्यासारखं करत होते आणि मी छताकडे बघत होतो. दोन टाके. तासाभरानं मी चालत एसटी स्टँडवर आलो. निघताना तिथला आरोग्यसेवक पिशवी घेऊन मागून आला. शेजारी नर्सबाई उभ्या होत्या, म्हणून तो लाजला असावा. मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, तीन महिने सांभाळून राहा. पिशवीत सामान आहे." मी हो म्हटलं. पिशवीत गोळ्या होत्या, कापूस होता आणि निरोधची पाकिटं. पाकिटं मी पोरांच्या हाती लागू नयेत म्हणून आढ्याच्या फटीत खोचून टाकली. मला वाटलं, सरकारी माल आहे, सगळ्यांनाच देत असतील. आता मला त्याचं काय काम? सांभाळून म्हणजे वजन उचलायचं नाही, सायकल मारायची नाही, असं मी समजलो. सात दिवसांनी टाके निघाले, सूज उतरली. तरी मी घागर उचलली नाही. विहिरीवरून पाण्याची कावड तू आणायचास. येताना एकदा तू माझ्या चालण्याकडे निरखून पाहिलंस, मी ओळखलं. मी मुद्दाम ताठ चाललो. माझ्यातलं काही कमी झालं नव्हतं. ताकद तीच होती, नवराबायकोतलं सगळं तेच होतं. उलट भीती गेली म्हणून मी खुशीत होतो. पंधरा दिवसांतच आम्ही पहिल्यासारखे राहू लागलो.

होळी झाली. दुपारी घरात मासे शिजत होते आणि ती तोंडाला पदर लावून मागच्या दारी पळाली. ढिवराच्या घरची लेक, जन्मभर मासळीत वाढलेली. मी सोप्यात वह्या तपासत होतो. लाल पेन हातात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी चुलीजवळ गेलो आणि विचारलं, "पाळी चुकली का?" ती मान हलवून हो म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, ती मरणाची होती, हे मला आज कळतं. तेव्हा मला दुसरीच भीती दिसली. मी विचारलं, "कोणाचं?"

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "भात उतू जाऊन राह्यला." भांडं उतरवलं आणि पाठ फिरवली.

त्यानंतर आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही. वर्गात फळ्यावर हिशेब मांडायचो आणि मनात आठवडे मोजायचो. घरी कोण येतं, ती तळ्यावर कोणाशी बोलते, दुकानदार हसला तो का हसला. माझं ऑपरेशन गावाला माहीत होतं, तलाठ्यानं चारचौघांत माझं कौतुक केलं होतं. महिन्या-दोन महिन्यांत तिचं पोट दिसेल आणि मग काय, एवढंच डोक्यात फिरायचं. तिच्या जिवाला धोका आहे, हे मला त्या आठ दिवसांत एकदाही आठवलं नाही.

आठव्या दिवशी मधल्या सुट्टीत तू शाळेत आलास. तू कधी शाळेत यायचा नाहीस. व्हरांड्यात उकिडवा बसलास. मी शेजारी बसलो.

"सून जेवून नाई राह्यली," तू म्हणालास. "तू काऊन बोलत नाई तिच्याशी?"

मी सगळं सांगितलं. बापाला सांगायची गोष्ट नव्हती, पण दुसरं कोण होतं. तू अंगणातल्या पोरांकडे बघत विचारलंस,

"सुटी देतानी काय सांगतलं होतं त्यायनं?"

"तीन महिने सांभाळून राहा म्हणे."

"काय सांभाळून?"

मी म्हटलं, वजन उचलायचं नसेल. तू उठलास, धोतर झटकलंस. "तुले मालूम नाई, अन् तू तिले गुन्हेगार करून राह्यला. मास्तर आहेस ना? चाल, इचारू."

दुसऱ्या दिवशी आपण दोघं चंद्रपूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं, माझ्याकडून तारखा घेतल्या आणि वीर्य तपासायला एक छोटी बाटली हातात दिली. ती भरून देताना मला आली तेवढी शरम पुन्हा कधी आली नाही. दुपारी त्यांनी बोलावलं. म्हणाले, "आता काही दिसत नाही. ऑपरेशन नीट झालंय." म्हणजे मग मूल माझं नाही? त्यांनी कागदावर नळीचं चित्र काढलं. "नळी इथे कापली. पण कापलेल्या जागेच्या पुढे आधीचं बीज उरलेलं असतं. ते निघून जायला वेळ लागतो. म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग ही तपासणी करायची. त्यात काही सापडलं नाही, तर मोकळं. तुमच्या तारखा सांगतात, दिवस पहिल्याच महिन्यात गेले आहेत. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

मला आढ्यातली पाकिटं आठवली. तू खुर्चीवर बसला नव्हतास, दाराशी उभा होतास. तिथूनच मोठ्यानं विचारलंस, "मंग माह्या सुनेचा काई दोष नाई?"

"नाही बाबा. तिचा काही दोष नाही."

बाहेर बाकावर दहा माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. तुला ते कळत होतं, म्हणूनच तू मोठ्यानं विचारलंस, असं मला पुढे वाटत राहिलं.

बा, खरं सांगतो. तपासणीच्या त्या कागदानं माझं समाधान झालं नव्हतं. कागद त्या दिवसाचं सांगत होता, दोन महिन्यांपूर्वीचं नाही. परतीच्या एसटीत मी पुन्हा तारखा मोजायला लागलो. तू खिडकीकडे तोंड करून म्हणालास, "आता मोजू नको. तिले वाचव." तेव्हा कुठे मी भानावर आलो.

दोन दिवसांनी तिला घेऊन चंद्रपूरला गेलो. डॉक्टरबाईंनी तिलाच विचारलं, मला नाही. ती म्हणाली, "मले तीन लेकरं वाढवाची आहेत." गर्भ उतरवला. आपण दोघं बाहेर जमिनीवर बसलो होतो. दार उघडेपर्यंत मी नखं कुरतडून रक्त काढलं. ती बाहेर आली, पांढरीफटक, पण पायांवर. गावात तू तळ्यावर स्वतःहून सांगितलंस, "मास्तरले नीट सांगतलं नव्हतं, अन् त्यानं इचारलं नाई." लोक काय बोलले असतील ते बोलले असतील. तुझ्यासमोर कोणी बोललं नाही.

पुढे नोकरीभर जो पुरुष विचारायला आला, त्याला मी शाळेमागच्या झाडाखाली बसवून उघड शब्दांत सांगितलं. दुखत नाही, ताकद जात नाही, आठवडाभर जड उचलू नको. पण तीन महिने निरोध वापर, आणि तपासून घेतल्याशिवाय थांबू नको. काही हसायचे. मी सांगायचं थांबवलं नाही. सांभाळून हा शब्द मात्र मी कधी वापरला नाही.

तू गेलास त्यालाही आता खूप वर्षं झाली. तू तिच्या पाठीशी उभा राहिलास म्हणून घर वाचलं, पण मी चुलीजवळ तिला जे विचारलं होतं ते परत घेता आलं नाही. तिनं कधी तो विषय काढला नाही, मीही नाही. हे सगळं तुला लिहायची गरज नव्हती, तुला माहीतच आहे. जिला सांगायचं ती आत तांदूळ निवडत बसली आहे. मघाशी दारात येऊन तिनं विचारलं, "काय लिहून राह्यले एवढं?"

मी म्हटलं, पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याचा अर्ज.