गुदगुल्या

३ जून

लागलो बाबा एकदाचा कामाला! ताई म्हणाली, रोज काहीतरी लिहीत जा, अक्षर तरी सुधारेल. आणि आज पहिल्याच दिवशी औषधवाल्यानं ही डायरी फुकट दिली. अक्षराचं काही खरं नाही. शाळेत मास्तरांनी सुद्धा माझा नाद सोडला होता.

जागा झकास आहे. लहान मुलांचं तपासणी केंद्र. इथं आजारी पोरं येत नाहीत, धडधाकट येतात. धडधाकटच आहेत ना, एवढं बघायचं आणि घरी पाठवायचं. तान्ह्यांपासून मिसरूड फुटलेल्या घोड्यांपर्यंत सगळी. आधी वजन. तान्ह्यांना ताटासारख्या काट्यावर निजवतात, ती तिथं हमखास शू करतात. मग भिंतीच्या पट्टीला पाठ लावून उंची, तिथं प्रत्येक जण हळूच टाचा उचलतो. मग डोळे, मग दात. मग कान, ते खातं माझं. शेवटी सिस्टरकडे सुई. म्हणजे माझ्याकडून पोरं हसत जातात आणि तिच्याकडून बोंबलत बाहेर पडतात.

कानाची खोली म्हणजे कपाटच म्हणा. आतून सगळीकडे जाड स्पंज. दार लावलं की जग बंद. पोरगं आत स्टुलावर, कानाला हेडफोन. मी बाहेर, मधे जाड काच. मी बटण दाबलं की आत बारीक टूं वाजतं. ऐकू आलं की पोरानं हात वर करायचा. बस, एवढंच. कुणाचं चुकलं तर डॉक्टरीणबाई परत बघतात.

माझ्या आधी इथं जी होती ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. जाताजाता तिनं शिकवलं. मधेमधे थोडं गप्प राहायचं, म्हणजे उगाच हात वर करणारं पोर सापडतं. पण गप्प राहणं लांबवायचं नाही. मी विचारलं, का? म्हणाली, पोरं कंटाळतात. आणि पर्स उचलून निघालीच.

आतल्या पोराशी बोलायला माइक पण आहे. तो माझ्या हातात ज्यानं दिला त्याचं भलं होवो.

८ जून

माइकवर मांजराचा आवाज काढतो. पोरं स्टुलाखाली वाकून बघतात. एकानं तर बूट काढून आत बघितलं.

जी पोरं आत जायला घाबरतात त्यांना मी आधी गुदगुल्या करतो. हसून हसून लोळायला लागली की दार लावायचं. अजून एकही रडलेलं नाही.

आज वॉचमनकाकांची उंची मोजली. वरची फळी जरा जास्तच खाली दाबली आणि तोंड पाडून म्हटलं, काका, तुम्ही आटताय. बिचारे दुपारपर्यंत पट्टीला पाठ लावून बघत होते. सिस्टरनं मग मला असं झापलं की वजनकाट्यावरचं बाळ सुद्धा शू करायचं थांबलं.

मोठी पोरं डॅंबिस. काही वाजलं नाही तरी हात वर करतात, लवकर सुटायला. मग मी मुद्दाम लांबलचक गप्प बसतो. बिस्कीट खातो. आत बघतो. केला हात वर की माइकवर, सापडलास लेका! मजा येते.

घरी भुंगीला हे सगळं करून दाखवलं. भुंगी म्हणजे ताईची पोरगी, सारखी गुणगुण करते म्हणून भुंगी. पुढच्या महिन्यात तिला शाळेत घालायचंय, त्याआधी इथंच तपासणी आहे. तिनं सांगून ठेवलंय, सुई टोचणाऱ्या बाईला मी चावणार.

१५ जून

गप्प बसलं की आता सगळेच हात वर करतात. आधी डॅंबिस तेवढे करायचे. आता लाजरी, भित्री, शहाणी, सगळी. आणि पटकन नाही. हळूहळू. झोपेत करावा तसा.

सिस्टर आज स्वतःहून आली. म्हणाली, काय खायला घालतोस रे पोरांना, हल्ली सुई टोचली तरी चूं करत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी पण पाठ थोपटली. मी काय, घेतली थोपटून. फुकटचं कौतुक कोण सोडतो!

१९ जून

दोन वेण्यांवाली एक मुलगी आली होती. आत जाताना गुदगुल्या केल्या तर हसून हसून उचकी लागली तिला. बाहेर आल्यावर परत केल्या. हसली नाही. हात पण झटकला नाही. माझी बोटं तिच्या बगलेत, आणि ती त्या बोटांकडे बघत उभी. दुसऱ्या कुणाच्या अंगावर चाललंय असं.

मी म्हटलं, काय गं, रुसलीस? तर म्हणाली, दादा, तूच तर घेतल्यास ना मघाशी.

काय घेतलं? तर म्हणे, गुदगुल्या. आत तूच मागितल्यास. मी हात वर केला.

माइक बंद होता. माझ्या तोंडात बिस्कीट होतं. मी हसलो आणि म्हटलं, माझ्यापेक्षा भारी थापा मारतेस.

घरी येताना हसू आलं नाही.

२३ जून

बघून घेतलं. गप्प न बसता टूं टूं चालू ठेवलं की पोरं होती तशी बाहेर येतात. खिदळतात, सुईला बोंबलतात. गप्प बसलं की नाही. एका पोरासाठी परत गप्प बसलो, खात्री करायला. नको होतं बसायला. त्याला सुई टोचली तेव्हा तो सिस्टरच्या कानातले डूल बघत होता.

सगळ्यांचं सगळं बरोबर येतं. वजन बरोबर, उंची बरोबर, कान उत्तम.

२७ जून

तोच पोरगा, डूल बघणारा. आई कडेवर घेऊन आली. तळहाताला पट्टी. गरम इस्त्रीवर हात ठेवून टीव्ही बघत बसला होता. आईला स्वयंपाकघरात वास आला, म्हणून कळलं.

ती बाहेर डॉक्टरीणबाईंशी रडत बोलत होती. तो माझ्या टेबलाशी आला. माझ्या कानाशी तोंड आणून हळूच विचारलं, अजून काही पाहिजे का?

मी सिस्टरला सगळं सांगितलं. ती म्हणाली, परवा वॉचमन आटत होता, आज हे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आयांना घाबरवलंस तर उद्यापासून येऊ नकोस.

नोकरी सोडली तर माझ्या जागी दुसरं कुणी बसणार. आणि ते गप्प बसणार. तसंच शिकवतात इथं.

२ जुलै

ताईला सगळं सांगितलं आणि म्हटलं, भुंगीला आणू नको. आधी हसली. मग चिडली. तपासणीचा शिक्का नसेल तर शाळा घेणार नाही. म्हणाली, इथं तरी टिकशील असं वाटलं होतं मला. भावजी म्हणाले, साहेबांना काम सोडायचंय, म्हणून भूत काढलंय. भुंगी माझ्या पाठीवर चढून माझे कान ओढत होती.

ठीक. भुंगीच्या वेळी मी बटणावरून बोट काढणार नाही. श्वासाएवढी पण फट ठेवणार नाही.

पण ते आत काय म्हणतं, कसं म्हणतं, हे कळायला पाहिजे. म्हणजे तिला आधी सांगता येईल, याला नाही म्हण. एकदा स्वतः बसतो. झाडूवाल्या मावशींना बटण दाखवलंय. म्हटलं, मावशी, दाबत राहा, काही झालं तरी थांबू नका. त्या म्हणाल्या, एवढंच ना.

आज अक्षर आणखीच —

४ जुलै

बसलो.

टूं टूं चालू होतं. काचेतून मावशी दिसत होत्या. मग एक बाई तान्हं घेऊन आली, तिनं काहीतरी विचारलं, मावशी वळल्या आणि हात लांब करून तिला रस्ता दाखवायला लागल्या. एवढंच. त्यांची काय चूक.

टूं थांबलं आणि आत आवाज आला. माझाच. पोरांना लाडीगोडी लावताना मी काढतो ना, तोच, तसाच ओढलेला. म्हणाला, भीती दे ना जराशी. तुला तरी कुठं हवीय ती.

खरंच नको होती.

हात आपोआप वर गेला, असं लिहिणार होतो. तसं नाही. मी केला.

५ जुलै

झोप छान लागली. जेवलो.

भुंगीनं माझ्या तळपायाला गुदगुल्या केल्या. बघत होतो. मग तिनं बोचकारलं. रक्त आलं. तीच रडायला लागली. ताई म्हणाली, अरे, जवळ घे ना तिला. घेतलं.

मागची पानं वाचली. लिहिणारा फार घाबरलाय. पण त्याचं बरोबर आहे, सगळं. एकही ओळ खोटी नाही.

भुंगी परवा. तिला सांगून ठेवलंय, आत कुणी काही मागितलं तर नाही म्हण. बटण दाबत राहायचं.

७ जुलै

भुंगी आत आहे. हेडफोन मोठा पडतोय, दोन्ही हातांनी धरलाय. मला जीभ दाखवली. ताई माझ्या मागे उभी. विचारतेय, काय लिहितोस? म्हटलं, कामाचंच.

दाबलं. हात वर. दाबलं. हात वर. हुशार आहे.

आता थोडा वेळ दाबलेलं नाही. अंगठा बटणावरच आहे. दाबायला हवं, का हवं तेही माहितेय. फक्त — घाई होत नाही. आतून कुणी ढकलत नाही.

जीभ आत गेली तिची. मान तिरकी. ऐकतेय.

मान हलवली. नाही म्हणाली. शाबास.

परत नाही.

ताई म्हणतेय, अरे, ती रडवेली का झालीय, काय वाजवतोयस? काही नाही, म्हटलं. खरंच काही नाही.

भुंगी माझ्याकडे बघतेय. माझ्या तोंडाकडे. तिला वाटतंय मीच मागतोय. मामाला ती कधी नाही म्हणत नाही.

दाबतो. एवढी ओळ झाली की लगेच. तिचा कोपर हलला. एवढी ओळ झाली की