लाकडी पन्हळ आत्याच्या हवाली

मी, लेसिएली वाइपुलु, वय पंचवीस, विज्ञान शिक्षिका, राहणार नेइआफू, वावाऊ बेट, टोंगा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात ऑकलंडला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. छाती धडधडते, पण डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी पढवलेले नाही.

१. जमीन: आमच्याकडे ती मुलग्यांना मिळते. हे कलम इथेच संपले.

२. घरातली पहिली पदवी, चौकटीसह, बाबांना. पुस्तके धाकट्या बहिणीला, लुसेआनेला; पाने दुमडू नयेत.

३. माझी खरी मिळकत म्हणजे लाकडी पन्हळ. पिंपाचे झाकण भिंतीलगत गडगडवले, त्याच्या कडेला बांधलेल्या पेन्सिलीने कमान उमटली, ती उलटी करून बाबांनी नावेच्या उरलेल्या फळ्यांतून कापली. दोन्ही बाजूंनी दोन लोखंडी गोळ्या एकदम सोडा, एक टोकावरून, दुसरी तळाजवळून. टक्कर बरोबर तळाशीच होते! वरचीला अंतर जास्त, पण ती वेगही तेवढाच कमावते. अजूनही दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो.

बाबांची थोरली बहीण, कालोलाइने आत्या, हिने भावाच्या मुलांची कोणतीही वस्तू मागावी आणि आम्ही द्यावी, अशी रीत आहे. मयताच्या घरातून तर ती न विचारता नेते. पन्हळ डुकरांच्या कुंपणाला छान होईल, असे ती मला तोंडावर म्हणाली होती.

मग मी चर्चच्या सभागृहात प्रयोग केला. आपल्याहून वरून कोणी गोळी सोडायची नाही, असे बजावून आत्या टोकाशी उभी राहिली. लुसेआने समोर, खाली. मोठ्या माणसाचीच गोळी आधी पोचणार, अशी सगळ्यांची खात्री. टक्क. तळाशी, एकदमच. थोरल्या बहिणीचा पाणउतारा झाला, म्हणून बाबांनी मान खाली घातली.

"बघा, गोळीलाही रीत कळते. माझ्यासाठी थांबली," आत्या म्हणाली.

"थांबत नाही गं आत्या. दोघी एकाच वेळी येतात."

आत्याने वाकून पन्हळीच्या तळावरून बोट फिरवले. "लुसेआने, तू वर जा."

आणि आत्या सगळ्यांदेखत खालच्या बाजूला जाऊन उभी राहिली. टक्क झाले तशी ती पोट धरून हसली. "परत सोड गं!"

म्हणून पन्हळ मी आत्यालाच देते. तिच्याकडची वस्तू काढून घेण्याची कोणाची छाती नाही. अट एकच: तिने ती शाळेत आणावी आणि प्रत्येक मुलाला वर-खाली दोन्हीकडे उभे करावे.

४. ज्याला लाभ त्याला साक्षीदार होता येत नाही. हे आत्याला समजावण्याचे काम साक्षीदारांवर सोपवते.

५. मी बरी होऊन परत आले तरी पन्हळ तिचीच. ती मला रांगेत उभी करील, आणि मी आनंदाने उभी राहीन.

साक्षीदार: तेविता मोआला, नावाडी; आनासेइनी हाफोका, परिचारिका
सही: लेसिएली वाइपुलु
नेइआफू, १४ मे २०१८