रणदिवेकाकांचा सत्कार

कॉव्हेंट्री, रविवार

ती. आईस,
परीक्षितचा नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने कमी चढ. इथे थंडी आहे, पण घरात हीटिंग आहे, काळजी नको.

अडीनडीला एकमेकांना सोबत असावी म्हणून इथल्या मराठी लोकांनी फार पूर्वी एक मंडळ काढलंय. काल मंडळाच्या कार्यक्रमात रणदिवेकाकांना शाल-श्रीफळ दिलं. वय अठ्ठ्याहत्तर, रिटायर्ड बस ड्रायव्हर. कुणी हॉस्पिटलमध्ये एकटं असलं की काका जाऊन बसतात. तीस वर्षं झाली.

"भाषणं मी मेल्यावर करा," असं त्यांनी आधीच बजावलं होतं. म्हणून आमच्या सेक्रेटरी शिल्पाताई म्हणाल्या, "काका ज्यांच्या उशाशी बसलेत, त्यांनी फक्त उभं राहा." अर्धा हॉल उठला.

आई, मीही उभा राहिलो.

मार्चमध्ये ट्रेनिंगला चाललोय, फोन लागणार नाही, असं तुला सांगितलं होतं ना? तेव्हा माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तर शेजारी काका संत्रं सोलत बसलेले.

काल त्यांच्या पाया पडलो, तर आशीर्वाद राहिला बाजूला. "आईला सांगितलंस का रे?" माइक चालूच होता. मी मान हलवून नाही म्हटलं. "मग पत्र लिही. फोनवर पुन्हा थाप मारशील."

आता मी ठणठणीत आहे. रागावून झालं की फोन कर. हे पाकीट काका स्वतः पोस्टात टाकणार आहेत. माझ्यावर त्यांचा भरवसा नाही.

तुझा,
परीक्षित