डाव सोडलेला नाही

तीर्थरूप ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफ कर. उशीर का झाला ते खाली लिहितोच आहे, पण वाचायच्या आधी चष्मा पुसून घे, कारण माझं अक्षर आता मलाच लागत नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? कानातलं यंत्र लावतेस की सेल वाचवायला डबीत ठेवतेस? (डबीतच असणार. म्हणून फोन केला नाही. मागच्या वेळी तू तुझं सगळं सांगितलंस आणि माझं सुरू व्हायच्या आत फोन ठेवून दिलास.) इथे सगळे ठीक आहेत. मला झोप कमी लागते आणि डाव्या पायाला मुंग्या येतात, पण ते मी मनावर घेत नाही. फक्त दिवसभर त्याचाच विचार करतो.

पहिली गोष्ट म्हणजे, मी डाव सोडून पळालेलो नाही. हरायला लागलं की माझं पोट दुखतं असं तू लहानपणापासून सगळ्यांना सांगत आली आहेस, आणि या वेळी वजीर तुझ्या घोड्याच्या तोंडी देऊन मी गप्प झालो म्हटल्यावर तुझी खात्रीच पटली असेल. (वजीर मी दिला नाही. पडद्यावर बोट घसरलं. त्याबद्दल नंतर.) दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी चाल बघायला नेटवरचा आपला पट उघडला, तर पट नाहीच. लाल पान, त्यावर पांढरा पंजा, आणि खाली लिहिलेलं की ही जागा जुगाराची असल्यामुळे बंद केली आहे. मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं. बंद करून परत उघडलं, परत पंजा. सून चहा घेऊन मागे उभी आहे, हे मला कप आपटल्यावर कळलं. ती काही बोलली नाही. न बोलणारी सून काय असते हे तुला सांगायला नको, तुला दोन आहेत.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला तो बूट न काढता थेट माझ्या खोलीत. दार लोटून घेतलं आणि आजाऱ्याशी बोलावं तसं हळू म्हणाला, "बाबा, मी रागावणार नाही. आत्तापर्यंत किती घालवलंत?" मी खरं ते सांगितलं: एक हत्ती, तीन प्यादी आणि बहुतेक वजीर. तो पलंगावर बसलाच. त्याला वाटलं ही जुगाऱ्यांची आपसातली भाषा. मग कपाटावरचा जुना लाकडी पट काढून सगळा डाव मांडून दाखवला, पलीकडे आत्या खेळते म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. सुनेच्या अजून आलेला नाही. कपाटाची किल्ली तिने जागची हलवली आहे ती हलवलीच.

मुलाने समजावून सांगितलं ते असं, की नेट पुरवणारी कंपनी मध्ये एक भिंत घालते, तिला फायरवॉल म्हणतात, आणि ती वाईट जागा अडवते. आपल्या पटवाल्यांनी कसली तरी स्पर्धा जाहीर केली, त्यात डाव, बाजी, बक्षीस असले शब्द आले, आणि भिंतीने ठरवून टाकलं की हा जुगार. ताई, मी काही फार शिकलेलो नाही, पण एवढी मोठी भिंत घातल्यावर तिच्यावरून डोकावून बघायला एक माणूस ठेवू नये? तक्रारसुद्धा नेटवरच करायची. मुलाने केली. अडवलेल्या जागेचा पत्ता लिहा, असं त्यात म्हटलं होतं. पत्ता लिहून पाठवला, तर तक्रारीवरच लाल पंजा आला, कारण तक्रारीत जुगाराच्या जागेचा पत्ता होता. (घरातले सगळे मोबाइलही त्याच कंपनीचे. स्वस्तात पडतं म्हणून घेतले होते, मीच सुचवलं होतं.)

मग वाचनालयात गेलो. त्यांची भिंत निराळी. तिथे आपला पट जुगार म्हणून नाही, खेळ म्हणून बंद. तिथल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, इथे खेळायला परवानगी नाही." मी म्हटलं, मी खेळत नाही हो, हरतोय. पण त्यांच्याही हातात काही नव्हतं. (बाई वाईट नाहीत. मला पंख्याखाली बसवून पाणी दिलं.)

शेवटी कंपनीच्या ऑफिसात गेलो. काचेमागे एक जाडसर गृहस्थ, गळ्यात हेडफोन, समोर अर्धं खाल्लेलं केळं. आधी त्याने सगळ्यांना सांगतात तेच सांगितलं, की यंत्र आपोआप ठरवतं, बुद्धिबळ दुसऱ्या जागीही मिळतं, तिकडे खेळा. मी म्हटलं, बुद्धिबळ मिळेल हो, पण पलीकडे माझी बहीण बसलेली नसेल. मुलं-सुना परगावी, ती एकटी राहते. फोन वाजलेला तिला ऐकू येत नाही. सकाळी तिची चाल आली की मला कळतं, ही उठली, हिला चष्मा सापडला, आणि मला हरवायची हिच्या अंगात अजून ताकद आहे. मग मी दात घासायला जातो. एवढं बोलून झालं आणि मला लाज वाटली, कारण मागे रांग उभी होती. पण कुरकुर कोणी केली नाही. उलट एक बाई पुढे होऊन म्हणाली, "अहो, करा ना त्यांचं काहीतरी." त्या गृहस्थाने हेडफोन काढून ठेवले आणि वर कोणाला तरी फोन लावला. तो वरचा आता त्याच्या वरच्याला विचारणार आहे.

हे तुला कधी बोललो नव्हतो, चेष्टा करशील म्हणून. आता खुशाल कर, पण पत्राने कर आणि लगेच कर. नाहीतर नुसतं "बरी आहे" एवढं लिहून पाठव, मला तेवढंही पुरेल. जिना सांभाळ.

तुझाच,
धाकटा

ता. क. : पाकिटावरचा पत्ता सुनेने लिहून दिला आहे, म्हणजे पत्र नीट पोचेल. किल्लीही आज जागेवर दिसली.

आणखी एक ता. क. : चिकटवलेलं पाकीट वाफेवर धरून उघडलं आणि हे लिहितो आहे. त्या केळेवाल्या गृहस्थाचा आत्ताच फोन आला, भिंत उघडली म्हणून. लगेच पट बघितला. माझा वजीर तू खाल्लास. वजीर गेल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. काय झालं म्हणून सून आतून धावत आली. खरं तर माझा वेळ कधीच संपून मी हरायला हवा होतो. पण पटाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, प्रतिस्पर्ध्याने वेळ वाढवून दिला. त्याखाली परत तेच. त्याखाली परत. रोज सकाळी, तुझ्या उठायच्या वेळेला.

तिकीट लावून झालं आहे, म्हणून पत्र टाकतोच. आता मन एवढं मोठं केलंच आहेस, तर तो वजीरही परत दे. बोट खरोखरच घसरलं होतं. (सून तिथेच होती, पण तिला विचारू नकोस.) देतेस की नाही ते लवकर कळव. तोवर मी काही चाल करत नाही. वेळ तू वाढवतेच आहेस.