मॅटाडोरची वाटणी

मी, मंजुळाबाई वैजनाथ गडदे, वय पासष्ट, निवृत्त शिक्षिका, कायमचा पत्ता कळमनुरी, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय तितके नाही. त्याची एक झडप निकामी होत आली आहे आणि ऑपरेशनला मी नकार दिला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पती बाहेर गाडीभोवती फेऱ्या मारत आहेत, पण ते रोजच मारतात. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. कळमनुरीचे घर माझ्या नावावर आहे. ते मुलगी प्रतीक्षा हिला द्यावे. मुलगा प्रभू याचे नांदेडला घर आहे. माझी हरकत नाही, असे तो म्हणाला. हरकत असल्यास आता उशीर झाला आहे.

२. बँकेतली ठेव दोघांना सारखी. याबद्दल जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

३. मॅटाडोर गाडी. ही मी निवृत्त झाले त्या वर्षी, १९९९ साली, माझ्या पैशाने घेतली व माझ्याच नावावर आहे. आत लोखंडी पलंग, स्टोव्ह, पाण्याची टाकी आणि माझी पुस्तके आहेत.

गाडी का घेतली, हे लिहून ठेवते, कारण घरात त्यावरून बरेच बोलले गेले. पती एसटीत चालक होते. त्यांची नोकरी बहुतेक मुक्कामी गाडीवर गेली. मुक्कामी गाडी संध्याकाळी शेवटच्या गावी पोचते, रात्री तिथेच राहते आणि पहाटे माणसे घेऊन परत निघते. चालक गाडीतच झोपतो. गाडी आल्या आल्या वळवून तिचे तोंड परतीच्या वाटेकडे करून ठेवतो, कारण पहाटेच्या गर्दीत गावात वळायला जागा नसते. निवृत्तीनंतर यांना घरात झोप येईना. उठून अंगणात बसायचे, मग फाटकात, मग रस्त्यावर.

लोक याला यांचे वेड म्हणतात. अर्धे वेड माझे आहे. माझ्या वडिलांची मेंढरे होती. पावसाळा गावी, बाकीचे दिवस लोकांच्या रानात मेंढरे बसवत हिंडायचे. मला शिकण्यासाठी आत्याकडे ठेवले. कळप निघाला की मी आत्याच्या दारात उभी राहायची. पुढे जन्मभर वर्गात उभी राहिले, पण पाय दाराकडेच होते.

दर दिवाळीला आम्ही जलाशयाकाठच्या या पर्यटन निवासावर येतो आणि होळीला निघतो. नांदेड, परभणीचे लोक इथे पाणी आणि पक्षी बघायला येतात. पती पाण्याचा पंप आणि जनरेटर सांभाळतात, मी कोठीघर आणि अंथरुणे बघते. होळीनंतर कुरुंद्याला चुलतभावाकडे हळदीच्या कामाला जातो. पुढे जिकडे गाडी जाईल तिकडे. कुठेही राहिलो की पंधरवड्यात यांची बोटे स्टिअरिंगवर वाजू लागतात. खरे म्हणजे माझे सामान त्याआधीच बांधलेले असते.

एक तक्रार नोंदवते. इथेही हे गाडीचे तोंड रस्त्याकडेच करून ठेवतात. मी पलंगावरून पाहते तेव्हा समोरच्या काचेतून मला फाटक दिसते. इतके हिवाळे तळ्याकाठी काढले, पण तळे पाठीशी.

४. गाडीची जुनी, घासलेली स्टेपनी जाऊबाई भागाबाई यांना द्यावी. प्रभूच्या सोयरिकीच्या बैठकीत पाहुण्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "नवरीनं माप कुठं ओलांडावं? यायच्या घराला उंबरा न्हाई, चाकं हायती." पाहुणे हसले. मीही हसले. त्यांना एक चाक असावे, अशी माझी इच्छा आहे.

५. गाडी पती वैजनाथ यांना द्यावी. ते असेपर्यंत ती विकू नये व त्यांना तिच्यातून हलवू नये. प्रभू त्यांना नांदेडच्या खोलीत ठेवू म्हणतो. तो हे प्रेमाने म्हणतो. तरीही ठेवू नये.

मात्र गाडीची बॅटरी प्रभूला द्यावी. त्याने ती काढून स्वतःकडे ठेवावी.

याचे कारण असे. या हंगामात वाशिमहून येताना कनेरगाव नाक्याच्या अलीकडे दिवेलागणीला रस्त्यावर मेंढरे होती. मला मेंढरे दिसली. यांना धुरळा दिसला. मी मागे बसते आणि कंडक्टरच्या घंटेसारखी पत्र्यावर थाप मारते. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मी एक थाप मारली. गाडी थांबेपर्यंत एक कोकरू चाकाखाली गेले होते. मेंढरांचा मालक संतराम. त्याने भरपाई घेतली नाही. कोकरू उचलून खांद्यावर टाकले आणि यांना म्हणाला, "मामा, आज कोकरू होतं. उद्या लेकरू राहील."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनला हे तयार नाहीत. पट्टी बांधून एकदा प्रभूच्या खोलीत निजवले की पुन्हा बाहेर सोडणार नाहीत, अशी यांना भीती आहे. मी असेपर्यंत माझे डोळे आणि थाप आहे. मी नसल्यावर हे एकटे निघतील. निघतीलच, हे मला माहीत आहे.

हे कलम यांनी आत्ता वाचले. कागद काचेजवळ नेऊन, डोळ्यांना लावून वाचला. मग म्हणाले, "बॅटरी काढली तं गाडी कुठं ऱ्हायली? खोलीच झाली की."

मी लिहीत राहिले.

"तू सोता आपरेशन करून घेईना, अन् मला सांगून राहिलीस."

मी म्हणाले, "माझ्या हृदयाने कोणाचं कोकरू मरत नाही."

हे खाली उतरले. सवयीने चारही टायरांवर लाथ मारून पाहिली.

म्हणून या कलमात भर घालते. डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यास, आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असे सांगितल्यास, प्रभूने बॅटरी विनातक्रार परत द्यावी. ऑपरेशननंतरची विश्रांती खोलीत नको, याच गाडीत द्यावी. प्रभूने इथे येऊन राहावे व पथ्याचे पाहावे. प्रभू, तुझ्या लहानपणी हे मुक्कामी गाडी घेऊन जायचे आणि तू रात्री रडायचास. आता तुला त्यांच्याबरोबर मुक्काम करता येईल.

ही भर यांना मोठ्याने वाचून दाखवली. थोड्या वेळाने हे चालकाच्या जागेवर येऊन बसले. इंजिन सुरू झाले. गाडी मात्र हलेना. हे थापेसाठी थांबले होते. मी दोन थापा मारल्या. गाडी फाटकाकडे गेली, वळली आणि परत आली.

ही ओळ व वरची ओळ वाकडी आली आहे. गाडी चालू होती, म्हणून. ती खाडाखोड समजू नये.

समोरच्या काचेत पाणी भरत गेले. मी एक थाप मारली. गाडी थांबली.

हे उतरले, पान्याने बॅटरी सोडवून पायरीवर आणून ठेवली. म्हणाले, "होळीपस्तोर थांबू नको म्हनावं प्रभूला. उद्याच बलव."

कलम ५ भरीसह कायम ठेवते.

६. या मृत्युपत्राप्रमाणे करून घेण्याचे काम प्रतीक्षाने पाहावे. ती कोणाचे ऐकत नाही, म्हणून.

७. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देऊ नये, असे वकिलांनी सांगितले. म्हणून धर्मसिंग यांना माझा चहाचा मोठा डबा आजच, जिवंतपणी दिला आहे.

लिहिले ते पुन्हा वाचले. बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी सही केली व माझ्या समोर त्यांनी केली.

सही: मंजुळाबाई वैजनाथ गडदे

साक्षीदार:
१. धर्मसिंग पेमा राठोड, व्यवस्थापक, पर्यटन निवास
२. डॉ. रागिणी दत्तप्रसाद देशमुख, कळमनुरी (लिहून देणार यांना तपासले. शुद्धीवर आहेत.)

दिनांक: १९ फेब्रुवारी २००६
ठिकाण: जलाशयाकाठी, ता. कळमनुरी, जि. हिंगोली. मॅटाडोरमध्ये, तोंड पाण्याकडे.