'किरकोळ' नावाची पेटी

मंगळवार, १२ नोव्हेंबर. दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. ऑफिसात बसून मी एक यादी तिसऱ्यांदा वाचत होतो, ती बाजूला सारून हे लिहितोय.

प्रिय वहिनी,

रविवारी मटार सोलताना तू हसत हसत म्हणालीस, "तुझा दादा रुसला वाटतं. नऊ गुरुवार झाले, निरोप नाही." आणि मोबाइल पुढे केलास. दोन वर्षांचे गुरुवार, एकाखाली एक. 'काम संपलं. निघतोय.' मी शेंगा सोलत राहिलो. दर गुरुवारी संध्याकाळी तू दाराची कडी काढून ठेवतेस, ते मी पाहत आलोय. वाटायचं, सवय असेल. विचारायचं धाडस झालं नाही.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. बारावी अर्धवट सोडली तेव्हा दादानेच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून शिकवलं, पुढे त्याच्याच ऑफिसात चिकटवलं. आमचं मोठं सॉफ्टवेअर दर गुरुवारी साडेपाचला सर्व्हरवर नव्याने चढवतात. त्यात तीनशे बारा पेट्या, पेट्यांत हजारो क्लास, म्हणजे कामाचे छोटे छोटे तुकडे. सर्व्हर प्रत्येक पेटी उघडतो, प्रत्येक क्लासवर खूण आहे का बघतो, आणि खूण दिसली की त्याला कामाला जुंपतो. याला सेहेचाळीस मिनिटं लागायची. साहेब म्हणायचे, "चहा पिऊन, कपबशी विसळून आलो तरी याचं आपलं चालूच." दादा म्हणायचा, "चालू दे की. तेवढाच निवांतपणा."

सप्टेंबरात साहेबांनी ते काम मला दिलं. उघडायची गरज नसलेल्या पेट्यांची यादी मी केली. बहुतेक बाहेरून आणलेल्या, त्यांत खुणा नसतातच. आमच्या ऑफिसात बनलेल्या पेट्यांसाठी मी एक नियम ठेवला: दुसऱ्या पेट्यांतलं तिला कोणी नावाने हाक मारतं का ते शोधायचं, कोणीच मारत नसेल तर ती यादीत. एका पेटीचं नाव होतं 'किरकोळ'. तिला कोणीच हाक मारत नव्हतं. टाकली यादीत. सेहेचाळीस मिनिटांची चार झाली, साहेबांनी पाठ थोपटली.

खूण असलेल्याला हाक मारावी लागत नाही, सर्व्हर आपण होऊन त्याला शोधतो. दादाने मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. नेमकी तीच विसरलो. काल ती पेटी उघडली. आत एकच क्लास, अकरा ओळींचा, दादाच्या हातचा. सगळं चढलं की तुझ्या नंबरवर एक निरोप पाठवायचा. दर गुरुवारी फोन करायचा कंटाळा, दुसरं काय. दादा गेल्यावरही सर्व्हर दर गुरुवारी त्या क्लासला शोधत राहिला, आणि तो निघत राहिला. मी माझ्या हाताने त्याला थांबवलं.

तुला हे आधीच ठाऊक असेल, असंही वाटतं. तू कधी त्या निरोपाला उत्तर पाठवलेलं मला दिसलं नाही.

उद्या संध्याकाळी यादीतल्या ऑफिसच्या पेट्या कायमच्या काढून टाकणार आहेत. 'किरकोळ' वाचवायची तर यादीतली एक ओळ खोडायची, सर्व्हरला दोन सेकंद जास्त लागतील, साहेबांना मी सांगेन. पण मग निरोप सव्वासहाला नाही, पाच चौतीसला येईल. दादा जन्मात कधी इतक्या लवकर निघाला नव्हता. आणि आता निरोप कुठून येतो हे तुला माहीत असेल. म्हणून पत्र. हे तोंडाने सांगणं मला जमलं नसतं. ठेवू की जाऊ देऊ, ते उद्या दुपारपर्यंत तू सांग. एक शब्द पुरे.

हिशेब लिहून ठेवतो. दर गुरुवारी वाचलेली मिनिटं, बेचाळीस. तुझे माझ्याकडून राहिलेले निरोप, नऊ.

तुझाच,
धाकटा