चोरखिसा

झाशी, मंगळवार, दिवेलागण

आज पुन्हा तेच! वीरांवालीने शिवलेल्या फ्रॉकला आतून चोरखिसा. फाळणीत मुलतान सोडून आलेली ही बाई आमच्या शिवणकेंद्रात लागली. हात सफाईदार, पण मुलींच्या प्रत्येक कपड्याला आत हा खिसा असतोच. गिऱ्हाइकं कुरकुरतात. मोठ्या बाई म्हणाल्या, आणखी एकदा झालं तर तिला काढून टाका. म्हणजे ते सांगायचं मी!

मी चिडूनच विचारलं, "मना किया था ना? फिर क्यों?"

ती खिसा उसवत होती. म्हणाली, "बहनजी, हाथ अपने आप लगा देता है. कभी निकलना पड़े, तो बच्ची के पास कुछ तो हो."

इथून कुणाला निघावं लागणार नाही, असं म्हणणार होते. पण मी कोण खात्री देणारी?

तेवढ्यात माझी लेक कुसुम शाळेतून आली. अंगात वीरांवालीनेच शिवलेला फ्रॉक. त्याचा खिसा मी अजून का उसवला नाही, कोण जाणे. पोरीने घेर उलटून त्यातून फुटाणे काढले आणि अर्धे वीरांवालीच्या हातावर ठेवले. "मौसी, इसमें थोड़े ही आते हैं."

वीरांवाली हसली. तिला हसताना मी आज पहिल्यांदा पाहिलं. काढून-बिढून कुणी टाकत नाही. उद्या बाईंशी भांडेन.

मघाचं तिचं बोलणं अजून कानात आहे. कुसुमचा घेर सारखा करत म्हणाली, "अगली बार बड़ी जेब लगाऊँगी, बिटिया. बाहर की तरफ़."